दुसरी चकती

वेफर्सचा मोठा डबा रिकामा झाला की तळाशी चुरा उरतो. तो कुणी मुद्दाम ठेवत नाही, आपोआप साठतो. आणि खरा मीठमसाला सगळा त्यातच उतरलेला असतो! आमच्या गोकुळ रोडच्या कारखान्याचे किस्से असेच साठलेत. वेफर्स हुबळीकरांनी खाल्ले, चुरा माझ्याकडे राहिला. आता बसलाच आहात तर पुडी सोडतो. वरून थोडं मीठ माझ्या हातचं पडलं असेल, पण बटाटा अस्सल आहे!

कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याची एक शेड. आत आंघोळीला पुरेल एवढी कढई, बटाट्याच्या चकत्या पाडायचं हातयंत्र, काम करणाऱ्या पाचसहा बायका आणि मालक वसंतअण्णा. सत्तरचं दशक सरत आलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवायचे दिवस ते. अण्णा आधी विद्यानगरात चित्रकलेचे मास्तर होते. मुलांची चित्रं तपासताना वेफर्स खायची सवय लागली. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की आपलं लक्ष चित्रांपेक्षा वेफर्सकडेच जास्त आहे. राजीनामा दिला, कढई घेतली!

मी तिथे गेलो होतो बिलं लिहायच्या नोकरीसाठी. नुकताच बी.कॉम. झालेला, हडकुळा, कडक इस्त्रीचा शर्ट. अण्णा जेवायला बसत होते. "ये रे, इंटरव्ह्यू काय, खाता खातापण होतो," म्हणाले आणि पोह्यांची ताटली पुढे सरकवली.

मी पोहे खायला घेतले. म्हणजे आधी कढीपत्ता काढला. मग कोथिंबीर. मग शेंगदाणे, कारण ते मऊ पडले होते. मग मोहरी. मोहरी काढायला वेळ लागतो.

अण्णांचं जेवण झालं, हात धुऊन झाले, पान लावून झालं. मी अजून मोहरीवरच होतो.

"काय रे मधू, घरी तू काय खातोस?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

कढईपाशी झारा घेऊन उभी असलेली गंगव्वा मोठ्यांदा हसली. गंगव्वा म्हणजे आमची मुख्य तळणारी. आवाज असा की रेल्वेचा इंजिन ड्रायव्हरसुद्धा वळून बघायचा. "यव्वा! अण्णा री, हा तर ब्याडप्पा आहे!" कानडीत 'री' म्हणजे अहो आणि 'ब्याड' म्हणजे नको. झालं! आईबापांनी ठेवलेलं नाव त्या दिवशी शेडबाहेर राहिलं.

पण अण्णा हसले नाहीत. चष्मा पुसून, हिरा पारखावा तसे माझ्याकडे बघत राहिले. "गंगव्वा, मला असाच माणूस पाहिजे होता. जो सगळंच खातो, त्याच्या 'छान'ला काय अर्थ? हा पोरगा ज्या चवीची पहिली चकती खाऊन आपणहून दुसरी उचलेल, ती चव अख्खी हुबळी उचलेल!"

बिलं राहिली बाजूला. मी चव बघणारा झालो!

*

ही दुसरी चकती नुसती हौस नव्हती बरं का. शेड होती अण्णांच्या थोरल्या भावाची, बापूसाहेबांची. बापूसाहेब धारवाडला वकील. रविवारीसुद्धा काळा कोट. बाहेरचं पाणीसुद्धा पीत नसत, तांब्या सोबत असायचा. साध्या मिठाचे वेफर्स तेव्हा गल्लोगल्ली होत होते आणि आमचा माल दुकानातल्या बरण्यांत तसाच बसून राहायचा. बापूसाहेबांनी कापसाच्या एका शेठजींशी शेडबद्दल बोलणं लावलं होतं.

अण्णांनी हात जोडले. "दादा, एक नवी चव काढतो. अशी, की लोक शोधत येतील."

"आणि ती सापडली हे ठरवणार कोण?"

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बापूसाहेबांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. मी तेव्हा नेमका चहावरची साय काढत होतो.

"ठीक. या साक्षीदाराने दसऱ्याच्या आत दुसरी चकती उचलली, तर शेड तुझी. नाही उचलली, तर दसऱ्याला कापसाच्या गाठी आत आणि कढई बाहेर!"

त्या दिवसापासून पाचसहा घरांच्या चुली माझ्या जिभेवर पेटायला लागल्या. सकाळी आत पाऊल टाकलं की सगळ्या बायका एका सुरात विचारायच्या, "ब्याडप्पा, पोट बरं आहे का?" एवढी चौकशी पुढे माझ्या लग्नात सासरच्यांनीपण केली नाही!

*

मसाला लावायची आमची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गरम चकत्या धुतलेल्या धोतराच्या झोळीत ओतायच्या, वरून मसाला भुरभुरायचा, दोन बायकांनी दोन टोकं धरायची आणि पाळण्यासारखं हलवायचं. आता पाळणा म्हटला की गाणं आलंच. गंगव्वा कानडी जोगुळ, म्हणजे पाळणा, म्हणायची. गाणं संपलं की मसाला लागला. घड्याळाची गरजच नाही!

एके दिवशी गंगव्वाचं नणंदेशी कडाक्याचं भांडण झालं. कामावर आली ती धुमसतच. जोगुळ सुरू झालं आणि नेहमीची कडवी संपल्यावर नणंदेची सुरू झाली. तिचं नाक, तिचा आळस, तिने परत न दिलेली पितळी परात, सगळं चालीत! झोळी धरणाऱ्या बायकांचे हात भरून आले, पण एवढं रंगलेलं गाणं सोडणार कोण?

त्या दिवशीचे वेफर्स मी खाल्ले. प्रत्येक कणाला मीठ लागलेलं. दुसरी नाही उचलली, साधं मीठच शेवटी. पण मान डोलावली. तेवढंसुद्धा आजवर घडलं नव्हतं.

अण्णांनी काय करावं? दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून थेट नणंदेच्या घरी. "अक्का, एक विनंती आहे. कारखान्याच्या भल्यासाठी रोज सकाळी थोडं भांडून पाठवत जा!"

*

चिंचगुळाची चव काढली, तेव्हा पाक जरा घट्ट झाला. झोळी उघडली तर सगळ्या चकत्या एकमेकींना चिकटून एकच वेफर! परातीएवढा. मी काठाचा तुकडा तोडायला गेलो तर हातोडी आणावी लागली.

अण्णा कलावंत माणूस, त्यांना तो फेकवेना. भिंतीला टेकवून ठेवला. पुढे पावसाळ्यात छत गळायला लागलं, तेव्हा गंगव्वाने शिडी लावून तो भोकावर बसवला.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या कोपऱ्यात पुन्हा थेंब पडला नाही!

*

मग अण्णांना साक्षात्कार झाला. "मधू, धारवाड कशासाठी प्रसिद्ध? पेढ्यासाठी. आणि कढई कुठली? हुबळीची. जुळी शहरं एका चकतीत!"

बापूसाहेबही धारवाडचेच, पेढ्याचं नाव काढलं की विरघळतील, हा अण्णांचा पोटातला हिशेब.

पेढा किसून, साखरेत घोळवून वेफर्स तयार झाले. मी पहिली चकती तोंडात टाकली. आधी गोड, मग खारट. पेढा हातात धरून कुणीतरी त्यावर रडलंय, असं वाटलं.

"ब्याड?" गंगव्वाने विचारलं.

"ब्याड," मी म्हणालो.

अण्णा मात्र ऐकेनात. "रात्रभर मुरू दे. उद्या परत बघू."

सकाळी कुलूप उघडलं, तर डब्यांपासून दारापर्यंत, दारापासून रस्त्यापर्यंत मुंग्यांची रांग! माणसं वळसा घालून जात होती. एक पोलीस काठी टेकून उभा होता, बहुतेक वाहतूक कुठून सोडावी याचा विचार करत असावा. एकेक चकती डोक्यावर घेऊन मुंग्या निघाल्या होत्या, गणपतीच्या मिरवणुकीसारख्या.

अण्णा खाली मान घालून उभे. गंगव्वाने कमरेवर हात ठेवले.

"अण्णा री, वाईट कशाला वाटून घेता? गिऱ्हाईक मिळालं की!"

*

गोडाने हरलो म्हणून अण्णा तिखटाकडे वळले. ब्याडगी मिरची रंगाला लालभडक आणि चवीला सौम्य, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. अण्णांनी कोप्पीकर रोडच्या किराणावाल्याकडून तिखट मागवलं. त्या दिवशी त्याची पोती इकडची तिकडे झाली होती. रंग तोच आला. मिरची दुसरीच होती!

मी चकती खाल्ली आणि मला अण्णा दोन दिसायला लागले.

"कशी आहे?" दोघांनीही विचारलं.

माझं तोंड उघडं, पण शब्द येईना. नको म्हणायलासुद्धा जीभ लागते हो! डोळ्यांतून धारा. हात पाण्याच्या मडक्याकडे.

"नको म्हणाला नाही!" अण्णा ओरडले. "गंगव्वा, पहिल्यांदाच नको म्हणाला नाही! डोळ्यांत आनंदाश्रू बघ पोराच्या!"

मी सावरायच्या आत पाकिटं सायकलवर लादून कोप्पीकर रोडला रवाना झाली होती.

दुसऱ्या दिवशी अण्णा शेडच्या दारात उभे. दुकानदार माल परत पाठवतोय की भांडायला येतोय? दुपारी खरंच एक माणूस सायकल हाणत आला. हात जोडले. वेफर्सवाल्या दुकानाशेजारचा गोळी सोडावाला!

"अण्णा री, काल माझ्याकडच्या सगळ्या बाटल्या संपल्या. देवासारखे भेटलात. हे वेफर्स आता रोज पाठवा!"

अण्णांनी ही ऑर्डर मोठ्या उमेदीने बापूसाहेबांच्या कानावर घातली. बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "वसंता, लोकांनी दुसरी बाटली उचलली. चकती नाही."

*

याच सुमारास आमची आई शेडवर आली. पोरगा घरी काही खात नाही आणि खाण्याची नोकरी करतो, हे कोडं तिला बघायचं होतं. अण्णांनी तिला खुर्ची दिली. माझ्यासमोर लसणाच्या चवीची चकती ठेवली. लसूण! घरी नुसता वास आला तरी मी अंगणात जाऊन बसायचो.

नोकरी म्हणजे नोकरी. मी ती चकती खाल्ली, पूर्ण चावून, गिळून. मग 'ब्याड' म्हणालो.

आईने पदराने डोळे पुसले. अण्णा घाबरले. "काय झालं हो, वहिनी?"

"काही नाही हो. वीस वर्षांत याला लसूण गिळताना पाहिलं नव्हतं." मग उठून अण्णांसमोर हात जोडले. "याला दोन वेळच्या जेवणालापण कामावर ठेवून घ्या की!"

*

दसरा जवळ येत चालला. आमच्या भागात कारळ्याची चटणी भाकरीबरोबर रोजची, पण रंग काळा. अण्णांनी ती वेफर्सवर घातली. चव खरं सांगतो, वाईट नव्हती. मी बराच वेळ विचार केला, हात अर्ध्यापर्यंत गेलासुद्धा. बायकांनी श्वास रोखले. पण ताटलीकडे बघितलं आणि हात परत आला. सगळ्या चकत्या जळून कोळसा झाल्यासारख्या दिसत होत्या!

सगळ्यात जास्त दुःख गंगव्वाला. "लोक म्हणतील गंगव्वाने करपवले!" कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमचा स्टॉल लागला, तर ही पुढ्यात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगायची, "सुट्टिल्ल! सुट्टिल्ल!" म्हणजे, जळलेले नाहीत! ज्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, ते थांबून बघायचे आणि पुढच्या स्टॉलवर जायचे.

तेव्हा मी एक आयडिया काढली. "अण्णा, चव चांगली आहे, अडचण दिसण्याची आहे. मग जिथे दिसतच नाही, तिथे विकू या. टॉकीजमध्ये!"

अण्णांनी मला मिठीच मारली. मॅटिनीला आम्ही डबे घेऊन हजर. अंधार झाला, पिक्चर सुरू झाला आणि काय सांगू, माल असा उडाला! चारी बाजूंनी कुरुमकुरुम. हिरॉइनचं रडणंसुद्धा ऐकू येईना. माणसं दुसरी चकती काय, दुसरं पाकीट मागत होती! अण्णा अंधारात माझा हात दाबून म्हणाले, "मधू, शेड वाचली रे!"

आणि इंटर्व्हल झाला. दिवे लागले.

प्रेक्षकांनी आपापल्या हातांकडे बघितलं. मग एकमेकांच्या दातांकडे!

मॅनेजरने आम्हाला मागच्या दाराने सुखरूप बाहेर काढलं. माणूस सज्जन होता. निरोप देताना अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माल चांगला आहे हो तुमचा. इंटर्व्हल नसलेला पिक्चर लागला की कळवतो."

*

आणि उजाडली खंडेनवमी.

उद्या दसरा. अण्णांनी शेवटचा प्रयोग या दिवसासाठी राखून ठेवला होता. मास्तर माणूस, सुट्टीचा दिवस म्हणजे जादा तास घ्यायला बरा, ही जुनी सवय! पण खंडेनवमीला गोकुळ रोडवर काय असतं? एकही यंत्र हलत नाही. लेथ, ड्रिल, तराजू, पाने, हातगाड्या, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. आमची कढई पहाटेच घासूनपुसून पाटावर बसली होती. चकत्यांच्या यंत्राला कुंकू, झाऱ्याला कुंकू, खलबत्त्यालासुद्धा कुंकू!

बापूसाहेब पूजेला आले. काळा कोट, हातात तांब्या. मागोमाग कापसाच्या शेठजींची गाडीही आली, पुढे केळीचे खुंट बांधलेली. शेठजी बाहेर गाडीतच बसून राहिले. किल्ली घेऊनच जाणार होते.

आरती झाली. बापूसाहेब म्हणाले, "वसंता, साक्षीदाराने दुसरी चकती उचलली?"

"नाही दादा. पण एक खेप बाकी आहे. आता करतो."

"अण्णा री!" गंगव्वा दोन्ही हात पसरून कढईसमोर उभी राहिली. "आज ब्याड! आज ती देवीची आहे. हात लावाल तर वर्षभर तेल उतू जाईल!"

तेव्हा अण्णांच्या डोक्यात प्रकाश पडला. बटाट्याच्या पोत्यावर बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मधू, तुला चांगली नोकरी मिळेल रे. फक्त जिथे जाशील तिथले पोहे आधी बघून घे."

बायकांनी तोंडाला पदर लावले. गंगव्वाला ते बघवेना. कालच्या बिनमिठाच्या वेफर्सचा एक डबा कोपऱ्यात उरला होता. तो तिने ओढला. मग स्वतःचा जेवणाचा डबा उघडला. दहीभात, आणि वर ताकातल्या मिरच्या. मीठ आणि मेथी घातलेल्या ताकात मुरवून, उन्हात वाळवून, घरून तळून आणलेल्या, खमंग काळपट.

"या घरच्या कढईतल्या आहेत. कालच्या," तिने देवीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. आणि खलबत्त्याकडे न बघता मिरच्या तळहातावर चुरून वेफर्सवर टाकल्या. बायकांनी झोळी धरली.

"थांबा!" बापूसाहेब गरजले. "झोळी तुमच्या कामाचं साधन आहे. म्हणजे तेही आयुध नव्हे काय?"

सगळे जागच्या जागी थिजले. खरंच की! झोळीला कुंकू लावायचं राहिलं होतं, पण आयुध ते आयुधच. बापूसाहेबांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. एकदा उघडून पोत्यावर बसलेल्या धाकट्या भावाकडे बघितलं आणि परत मिटले.

"झोळी हे वस्त्र आहे," ते शेवटी म्हणाले. "वस्त्राची पूजा आज नाही. चालू द्या."

गंगव्वाने जोगुळ म्हटलं, अगदी हळू आवाजात. मग डबा माझ्यासमोर आला.

मी बघितलं. तिखट, आंबट, मेथी. जन्मभर ताटातून जे जे काढून ठेवलं, ते सगळं एका चकतीवर! डोळे मिटून तोंडात टाकली. आधी मीठ आलं. मग ताकाचा आंबूसपणा. मग मेथीचा थोडा कडवटपणा, आणि सगळ्यांच्या मागून मिरची, पाहुण्यासारखी दारात थांबून, चपला काढून, सावकाश आत आली.

सगळी शेड माझ्या हाताकडे बघत होती. हात मांडीवरच. 'ब्याड' म्हणायला तोंड उघडलं, तर ते बाहेर येईना.

बापूसाहेबांचा धीर सुटला. "साक्षीदार गप्प आहे. आता कोर्टालाच जागेवर पाहणी करावी लागेल." आणि बाहेरचं पाणी न पिणाऱ्या त्या माणसाने एक चकती उचलली. चावली. भुवया वर गेल्या.

"एकावरून निष्कर्ष काढता येत नाही." दुसरी उचलली.

"हं. उलटतपासणी करू." तिसरी.

"पुरावा अपुरा आहे," म्हणत त्यांनी डबाच मांडीवर घेतला आणि मूठ भरली. तांब्यातलं पाणी प्यायले आणि परत मूठ भरली. अण्णा पोत्यावरून हळूहळू उठून उभे राहिले.

बाहेर हॉर्न वाजला. शेठजींचा ड्रायव्हर दारात डोकावला. "वकीलसाहेब, शेठजी शेडची किल्ली मागतायत."

बापूसाहेबांचं तोंड भरलेलं होतं. "त्यांना पुढची तारीख द्या!"

गंगव्वाने कुणी न सांगता जोगुळ परत सुरू केलं, या वेळी तिच्या नेहमीच्या आवाजात. आणि तेवढ्यात, कुणी न विचारता, माझा हात मांडीवरून उठला आणि डब्याकडे निघाला.

बापूसाहेबांनी झटकन डबा कोटाखाली घेतला.

"खबरदार! पुराव्याला हात लावायचा नाही!"